पीपीआयचे पैसे: अर्ज स्वतः करावा की क्लेम कंपनीला द्यावा?

रेडिंगकर (८ जून २०१९)

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. लोन, क्रेडिट कार्ड, स्टोअर कार्ड यांच्या गळ्यात बांधून विकलेल्या पीपीआय विम्याची (आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर हप्ते भरण्यासाठीचा, पण अनेकांना फसवून विकलेला विमा) तक्रार करून पैसे परत मागायची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपते. यंदा गणपती २ सप्टेंबरला आहेत, म्हणजे त्यांच्या आधी चार दिवस. या मुदतीची आठवण करून देणारी श्वार्झनेगरच्या मुंडक्याची जाहिरात सगळ्यांनी पाहिली असेल. तरी आपल्यातले बरेच जण फी घेऊन तक्रार करून देणाऱ्या क्लेम कंपनीकडे जातात आणि सांगतात, ‘कंपनीला देऊन टाकलं, कटकट मिटली.’ ते ऐकून दर वेळी जीव तुटतो.

माझं मत स्पष्ट आहे. कंपनीला एक पौंडही देऊ नका. ती ज्या दोन दारांत जाते ती तुम्हालाही फुकट उघडी आहेत. आधी बँक. बँकेने नकार दिला किंवा आठ आठवड्यांत अंतिम उत्तर दिलं नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समन, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी संस्था. बँकेच्या अंतिम पत्रानंतर तिकडे जायला सहा महिने मिळतात.

हिशोब बघा. समजा ३,००० पौंड मंजूर झाले. जुलै २०१८ पासून पीपीआयच्या फीवर २० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे ६००. त्यावर व्हॅट १२०. म्हणजे ७२० पौंड गेले. मिळालेल्या रकमेत ८ टक्के व्याजही असतं, आणि त्या व्याजावर बँक २० टक्के कर कापून घेते. काही कंपन्या फी लावतात ती कर कापायच्या आधीच्या रकमेवर. तो कापलेला कर अनेकांना आर-४० हा कर-परताव्याचा फॉर्म भरून परत मिळतो, पण ते काम शेवटी तुम्हालाच करावं लागतं.

सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या २०१६ च्या अहवालात आहे की एप्रिल २०११ ते नोव्हेंबर २०१५ या काळात भरपाईपोटी २२.२ अब्ज पौंड दिले गेले आणि त्यातले अंदाजे ३.८ ते ५ अब्ज या कंपन्यांकडे गेले. फसवले गेलेल्या लोकांचे पैसे होते ते!

वैशाली_कॉव्हेंट्री

रेडिंगकर, हिशोब बरोबर आहे, पण तो कागद जपून ठेवणाऱ्या आणि इंग्रजी पत्र लिहायला न घाबरणाऱ्या माणसाचा हिशोब आहे.

माझे सासरे इथे मोटारींच्या कारखान्यात होते. त्यांचं इंग्रजी कामापुरतं. घरं बदलली, कागद गेले, लोन नेमकं कुठल्या साली घेतलं तेही आठवेना. बँकेच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘विमा तुम्हाला कसा विकला गेला ते सविस्तर लिहा.’ ते तो फॉर्म हातात घ्यायचे आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवायचे. मी हॉस्पिटलात रात्रपाळी करते, नवरा बाहेरगावी. शेवटी एका कंपनीला दिलं. तेव्हा मर्यादा नव्हती, तिने ३० टक्के घेतले. उरलेले सत्तर टक्के त्यांच्या खात्यात आले आणि त्यातून ते गावी जाऊन आले. स्वतः करायचं ठरवलं असतं तर तो फॉर्म आजही ड्रॉवरमध्ये असता. शून्याचे शंभर टक्के शून्यच.

अनघा_स्लाव

मी काही वर्षं एका बँकेच्या तक्रार विभागात होते. बँकेचं नाव सांगणार नाही, पण आतून काय दिसतं ते सांगते.

कंपन्यांची पत्रं गठ्ठ्याने यायची. सगळीकडे तोच मजकूर, फक्त नाव आणि पत्ता बदललेला. ग्राहक नोकरदार असला तरी पत्रात ‘स्वतःचा व्यवसाय’ लिहिलेलं. ज्यांनी पीपीआय कधी घेतलाच नाही त्यांच्या नावानेही पत्रं यायची. मग आम्हाला माहिती हवी असली की फोन ग्राहकालाच करावा लागे. तुम्ही तेव्हा कुठे नोकरी करत होता, आजारपणात पगार मिळत होता का, हा विमा ऐच्छिक आहे असं कुणी सांगितलं होतं का? म्हणजे वैशाली, तुझ्या सासऱ्यांना ज्याची भीती वाटत होती, ते बोलणं बऱ्याच जणांना कंपनी असूनही चुकत नव्हतं.

उलट चार ओळींचं मोडकं इंग्रजी, पण ‘हा विमा घेतला नाही तर लोन मंजूर होणार नाही असं मला सांगितलं’ हे वाक्य असलेलं पत्र, त्यावर निर्णय लवकर व्हायचा. स्वतःचा अनुभव हाच पुरावा असतो.

कागद नसले तरी अडत नाही. नाव, जन्मतारीख, जुने पत्ते द्या, शोधायचं काम बँकेचं आहे. स्वतःबद्दलची सगळी माहिती मागायला पूर्वी १० पौंड पडायचे, मे २०१८ पासून तेही लागत नाहीत.

जोशी_हॅरो

वैशाली सोडून सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. सुसान प्लेव्हिन यांची केस आठवा. २००६ मध्ये या विधवा बाईंनी ३४,००० पौंडांचं कर्ज घेतलं, त्यावर ५,७८० पौंडांचा विमा एकरकमी चढवला, आणि त्यातला ७१.८ टक्के हिस्सा कमिशन होता. त्यांना कुणी सांगितलं नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अन्याय्य ठरवलं. आज ज्यांची जुनी तक्रार फेटाळली गेली होती, त्यांनाही ५० टक्क्यांवरच्या छुप्या कमिशनचा भाग मागता येतो, तो या बाईंमुळे. ती लढाई वकिलांनी ‘जिंकलो तरच फी’ या अटीवर लढवली. एकटीने पत्र लिहून बाई तिथवर पोचल्या असत्या?

रेडिंगकर

जोशीकाका, प्लेव्हिन यांच्या वकिलांबद्दल मला आदरच आहे. त्यांनी हरण्याची जोखीम घेतली आणि नवा कायदा घडवला. पण रस्ता झाल्यावर त्यावरून तुमचं पाकीट नेऊन देणाऱ्याने पाचवा हिस्सा का घ्यावा? आज ‘प्लेव्हिनखाली पुन्हा तपासा’ एवढं बँकेला लिहिलं की पुरतं. ६ एप्रिल २००८ ला किंवा नंतर कर्ज चालू होतं, एवढंच बघा. ‘विच’ ही ग्राहक संस्था आणि ‘मनीसेव्हिंगएक्स्पर्ट’ ही वेबसाइट यांच्याकडे तयार मसुदा फुकट मिळतो.

वैशालीताई, सासऱ्यांना पैसे मिळाले याचा आनंद आहे. पण एक धोका कुणी सांगत नाही. कर्जाचे हप्ते थकले असतील तर बँक भरपाई त्या थकबाकीत वळती करू शकते. हातात रोख काहीच येत नाही, आणि कंपनी मात्र आपली फी रोख मागते. थकबाकी असलेल्याने तरी कंपनीच्या कागदावर सही करू नये. केलीच असेल, तर १४ दिवसांत काही न देता रद्द करता येते.

वैशाली_कॉव्हेंट्री

थकबाकीचं मला माहीत नव्हतं, ते सगळ्यांना सांगायलाच हवं. अनघा, पत्र चार ओळींचं चालतं हेही.

पण माझं मत बदललेलं नाही. ‘सोपं आहे, स्वतः करा’ म्हणणारे बहुतेक आयटीतले, ऑफिसात बसणारे आहेत. इथे केअर होममध्ये, गोदामात, किचनमध्ये काम करणारी मराठी माणसं आहेत. दिवसा फोनवर थांबायला त्यांना सुट्टी मिळत नाही. बँकेचं नाव असलेलं पाकीट आलं की पोटात गोळा येतो त्यांच्या. २९ ऑगस्टपर्यंत मदतीला कुणी नसेल, तर २० टक्के देऊन अर्ज गेलेला बरा. उद्या मुदत गेली की ओम्बुड्समनही काही करणार नाही.

अनघा_स्लाव

सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या सेवाभावी संस्थेकडे मदत फुकट मिळते, आणि २००५ मध्ये पीपीआयबद्दल मोठी तक्रार सरकारदरबारी नेली ती त्यांनीच. शिवाय आपण आहोत. ज्यांना अडचण आहे त्यांनी मला निरोप पाठवा, मी मराठीत विचारून इंग्रजीत लिहून देईन. बँकेचं नाव, जुने पत्ते आणि साधारण साल एवढं जवळ ठेवा. सही मात्र तुमचीच लागेल.

जोशी_हॅरो

अनघा, हॅरो-वेंब्लीकडची माणसं माझ्याकडे पाठव. मी निवृत्त आहे, दिवसभर घरीच असतो, बँकेच्या फोनवर त्यांच्या शेजारी बसून थांबेन. ज्यांनी आधीच कंपनीला दिलंय त्यांनी मात्र तोच अर्ज पुन्हा स्वतः करू नये. कंपनीचं पत्र आणि फीची अट घेऊन या, आधी ते वाचू.