मदत हवी आहे: नावात ‘ऱ्या’ असलेल्या ऑडिओ फाइल ॲपला सापडत नाहीत

नमस्कार मंडळी,

जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्यांसाठी डेस्कटॉप ॲप लिहितोय. पायथन आणि क्यूट (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी), फाइलचे पाथ एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये. विंडोजवर बाकी सगळं नीट वाजतं, पण ‘दुसऱ्या दिवसाच्या ओव्या’ अशा नावाची फाइल उघडायला गेलं की ‘फाइल सापडली नाही’.

खोलात गेल्यावर कारण कळलं. युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणारं मानक) ‘ऱ’ एकसंध (क्रमांक ०९३१) असू शकतो, किंवा ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा सुटा. रेकॉर्डिंग मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस (मॅकची फाइल साठवायची पद्धत) डिस्कवरून झिप होऊन आली, आणि ती पद्धत नावं सुटी करूनच साठवते. डेटाबेसमधली नावं कीबोर्डवरून टाइप केलेली, म्हणून एकसंध. डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल पद्धतीसाठी मात्र ती दोन वेगळी नावं.

पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी नॉर्मलायझेशन (सुटे भाग जोडून एकसंध रूप करणं) हे दोन प्रकार एक करतं. पण काही जण तोच ‘ऱ्या’ साधा ‘र’, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) वापरून टाइप करतात. त्याला एनएफसी हातच लावत नाही. मराठीत हे अक्षर पानोपानी येतं, त्यामुळे सोडूनही देता येत नाही.

डिस्कवरच्या फाइलना सरळ नवीन नावं द्यावीत, की मूळ नाव जसंच्या तसं ठेवून शोधासाठी वेगळा कॉलम करावा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण मूळ संग्रहाला धक्का लावायचा नाही. जॉइनरवाला प्रकार कुणी हाताळला असेल तर कोडसकट सांगा, प्लीज.