क्रूझ निवडताना बंदरं मोजायची की जहाज बघायचं?

माहीमची खाडी (धागाकर्ती)

दिवाळी सरली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर क्रूझच्या जाहिराती फिरायला लागतात. चर्चा दरवर्षी दोनच प्रश्नांवर अडते: माणशी किती, आणि कुठे कुठे थांबणार? माझं ठाम मत आहे की हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी जहाज बघावं, मग केबिन, मग पूर्ण समुद्रात जाणारे दिवस किती ते. बंदरं सगळ्यात शेवटी.

मुंबई-गोवा-मुंबई अशा छोट्या सफरीत गोवा बघून होत नाही. मुरगावला उतरायचं, बसमधून एखादं देऊळ, जुन्या गोव्यातलं एखादं चर्च, आणि अंधार पडायच्या आत परत जहाजावर. गोवाच बघायचा असेल तर कोकण रेल्वे आहे. क्रूझवर आपण पैसे मोजतो ते पाण्यावरच्या वेळेचे. म्हणून तो वेळ कशा जहाजावर जाणार हे आधी तपासायला हवं.

मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं आहे. आधी ते रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून आपल्याकडे. ग्रॉस टनेज ४८,५६३, केबिन आठशेच्या आसपास. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम २०१६ चं, टनेज दीड लाखाच्या वर, प्रवासी साधारण ३,३५०. टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागा. एका केबिनमध्ये दोघं धरली तर एम्प्रेसचं उत्तर ३० च्या आसपास येतं, गेंटिंग ड्रीमचं ४५. एका माणसाच्या वाट्याला किती मोकळीक येते ते या आकड्यावरून कळतं.

तरीही मला लहान जहाजच आवडतं. मोठ्या जहाजाचा जीव आतल्या बाजूला असतो: दुकानं, थिएटर, घसरगुंड्या, मधोमध बाग. लहान जहाजावर जिना चढलात की समुद्र समोर. आणि चढल्यावर कार्यक्रमपत्रिकेच्या मागे धावू नका. सुटताना खुल्या डेकवर उभे राहा. उजव्या हाताला कुलाबा आणि प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ, पुढे डावीकडे खांदेरीचा किल्ला. आपलं शहर या बाजूने आपण कधी बघतो? त्या वेळी बहुतेक मंडळी बुफेच्या रांगेत असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाऊचा धक्का

ताई, समुद्र बघायचा असेल त्याने क्रूझवर जाऊच नये, असं माझं मत. आमच्या वडिलांच्या पिढीने कोकण बोटीने प्रवास केला. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत बोट पणजीला जायची. बंदराबाहेर उभी राहिली की पडाव यायचे, माणसं, फणस, ट्रंका सगळं त्यातून उतरायचं. गाव पाण्यावरून कसं दिसतं ते त्या लोकांना ठाऊक होतं.

आता बघा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या कोकणच्या समुद्रातले किंवा समुद्राला लागून असलेले. तुमची क्रूझ नेमकी या किनाऱ्यावरून जाते, पण रात्री आणि खूप बाहेरून. प्रवासी तेव्हा आत नाच बघत असतात. मी जहाजाला दोष देत नाही, त्याला खोल पाणी लागतं. पण किनारा दाखवणारी दिवसाची बोट हवी असा आग्रह आपण धरत नाही आणि तरंगत्या हॉटेलला समुद्रप्रवास म्हणतो, हे मला पटत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणारी बोट, २०२० मध्ये सुरू झाली. एका तासात तिच्या डेकवरून जे बंदर दिसतं ते पुरेसं आहे.

मुलुंडची मीनल

दोघांचंही वाचलं. किंमत नंतरची, असं ज्यांना म्हणता येतं त्यांनी म्हणावं. आमच्याकडे आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, मुलं लहान आणि सुट्टी मोजकी. मला आधी पैसेच बघावे लागतात, आणि ते नीट बघणं हेच अवघड काम आहे. जाहिरातीतल्या आकड्यात बहुतेक वेळा पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) आणि जीएसटी धरलेले नसतात. किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. इंटरनेट वेगळं. भर समुद्रात फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटला तर ते बिल आणखी वेगळं, म्हणून धक्का सुटला की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकायचे. हे सगळं कागदावर मांडल्याशिवाय दोन सफरींची तुलनाच होत नाही.

आणि बंदरंही शेवटी नाहीत बरं का. आईचे गुडघे गेलेत. लक्षद्वीपला मोठं जहाज लागेल असा धक्का नाही, जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसं छोट्या बोटीतून नेतात. दर्या खवळलेला असेल तर ते उतरणं रद्दही होतं. म्हणजे जहाज कितीही चांगलं असलं तरी कुठे शिडी लागते आणि कुठे बोटीत उडी मारावी लागते हे मला आधी विचारावं लागतं.

पण भाऊकाका, क्रूझला तरंगतं हॉटेल म्हणून बाजूला सारू नका. सामान एकदाच लावायचं, जेवण त्याच मजल्यावर किंवा लिफ्टने, डॉक्टर जहाजावरच. माझ्या आईने कित्येक वर्षांत पहिल्यांदा कुणाचा हात न धरता समुद्र बघितला. मांडव्याच्या धक्क्यावर ते झालं नसतं.

इंजिनरूम

निवृत्त मरीन इंजिनियर आहे, थोडं आमच्या बाजूचं सांगतो. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचं वजन असा समज सर्रास आढळतो. ते आकारमानाचं माप आहे, आतल्या बंदिस्त जागेचं. म्हणूनच धागाकर्तीने केलेला भागाकार अर्थपूर्ण आहे.

पण लहान जहाजाच्या आवडीशी मी सहमत नाही. लांब जहाज लाटेवर कमी वर-खाली होतं. बाजूला झुलणं कमी करायला आताच्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, पण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर-खाली होते ते त्यांनी थांबत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. बाल्कनीच्या हौसेने वरच्या मजल्यावर, अगदी पुढे जागा घेतली तर तिथे हालचाल सगळ्यात जास्त. जहाजाचा मध्य झोपाळ्याच्या कडीसारखा, कडेला बसणाऱ्याला झोका मोठा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी. आलेपाक खिशात ठेवा, डेकवर या, क्षितिजाकडे बघा. केबिनमध्ये पडून मोबाइल बघितला तर त्रास वाढतो.

डेक प्लॅन मागून घ्या. आपल्या केबिनच्या वरही केबिन आणि खालीही केबिन असेल अशी जागा शोधा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली नाचाचा हॉल असेल तर रात्रभर ढोल.

आणि सुरक्षेच्या कवायतीला दांडी मारू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. ताज्या चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलले आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत सक्तीची झाली. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. हे ठाऊक असलेल्या शहरातले लोक कवायतीच्या वेळी सेल्फी काढतात तेव्हा मला राग येतो.

अंधेरी ईस्ट

एक वेगळी बाजू मांडतो. डेकवर उभं राहून दीपस्तंभ बघणं छानच, पण क्रूझवर गाणी, नाच, स्टँडअप, मुलांचे खेळ हवे असलेले लोक काही कमी दर्जाचे प्रवासी नाहीत. आम्ही आठवडाभर लोकलमध्ये आणि ऑफिसात असतो. आम्हाला गर्दीत मजा करायची असते, फक्त ती आपल्या आवडीची गर्दी हवी.

म्हणून माझं गणित उलटं. खिडकी नसलेली आतली केबिन घ्यावी, कारण आपण तिथे फक्त झोपतो. वाचलेल्या पैशात एक रात्र वाढवता येते. आतल्या केबिनमध्ये काळोख इतका मिट्ट असतो की झोप उत्तम लागते. मुलं असतील तर मात्र किड्स क्लब किती वयापासून घेतात ते आधी विचारा. आम्ही गेलो त्या जहाजावर धाकट्याला घेतलंच नाही आणि आम्ही दोघं आळीपाळीने केबिनमध्ये बसलो. ही माहिती बुकिंग करताना कुणी दिली नव्हती.

माहीमची खाडी

अंधेरी ईस्ट, नाच-गाण्याला माझा विरोध नाही. पण आतली केबिन? उठल्यावर बाहेर दिवस आहे की रात्र तेही कळत नाही. समुद्रावर जाऊन समुद्राकडे भिंत करायची, हे मी कुणालाच सुचवणार नाही. बाल्कनी परवडत नसेल तर निदान खिडकीची घ्या.

मीनलताई, पैशांचं मांडलंत ते अगदी योग्य आणि बोटीतून उतरण्याचा मुद्दा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. तरी माझा क्रम मी सोडत नाही. तुमच्या आईला समुद्र दिसला तो कुठल्या बंदरामुळे दिसला नाही. लिफ्ट, सपाट डेक, बसायला सावली असलेलं जहाज होतं म्हणून दिसला.

हिरवी वेल

तुम्ही सगळे आपापल्या सोयीचं बोलताय. जहाजाचा धूर कुणाच्या नाकात जातो? २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, एकाच वेळी अनेक जहाजं उभी राहू शकतील असा आराखडा आहे. धक्क्यावर लागलेलं जहाज एसी आणि स्वयंपाकघर चालवण्यासाठी आपले जनरेटर चालू ठेवतं, किनाऱ्यावरून वीज मिळाली तरच ते बंद करता येतात. आजूबाजूला फोर्ट आणि कुलाबा, माणसांनी भरलेले. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं शहराच्या मधल्या कालव्यातून बंद केली. लक्षद्वीपला तर प्रवाळ आहे, गोडं पाणी तोकडं आहे आणि एका सकाळी शेकडो माणसं उतरतात. मी जाणार नाही आणि कुणाला जा म्हणणारही नाही.

इंजिनरूम

वीजजोडणीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. धक्क्यावरून वीज हा आग्रह मुंबईकरांनी धरायलाच हवा. नियम मात्र कडक होत आले आहेत. २०२० पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. प्रक्रिया न केलेलं मैलापाणी किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. जाऊ नका म्हणण्यापेक्षा कंपनीला लेखी विचारा की सांडपाण्याचं काय करता. ग्राहक विचारत नाही म्हणून त्यांना सांगावं लागत नाही.

उरणची सून

आमच्या घरातला मुलगा क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे. इतक्या चर्चेत काम करणाऱ्यांचा उल्लेख एकाही प्रतिसादात नाही, याचं वाईट वाटलं. सीडीसी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्याचं अधिकृत ओळखपुस्तक, काढून, सुरक्षेचे कोर्स करून ही पोरं चढतात. करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात रविवार नावाची गोष्ट नसते. मीनलताईंनी ग्रॅच्युइटी जादा खर्चात लिहिली. हिशोबात धरा, पण सफर संपताना ती काढून टाका म्हणून काउंटरवर भांडू नका. आपल्याकडचे बरेच जण भांडतात. आणि कुणी चांगली सेवा दिली तर अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याचं नाव लिहा. त्या नावाचा पुढच्या कराराच्या वेळी उपयोग होतो.

दुसरं, बुफेत जाण्याआधी हात साबणाने धुवा. जहाजावर नोरोव्हायरस पसरला की उलट्या-जुलाबांनी मजलेच्या मजले आडवे होतात. सॅनिटायझरने तो नीट जात नाही, साबण-पाणीच लागतं. लोक ताट गच्च भरतात आणि अर्धं टाकतात, ते उचलणाऱ्याला काय वाटत असेल याचाही विचार व्हावा.

मुलुंडची मीनल

उरणताई, मान्य. ग्रॅच्युइटी आधीच बाजूला काढता यावी म्हणूनच ती हिशोबात लिहिली होती. फॉर्मवर नाव लिहायचं हे मात्र ठाऊक नव्हतं, पुढच्या वेळी नक्की.

भाऊचा धक्का

धागाकर्तीला एकच प्रश्न. खांदेरी डावीकडे दिसते म्हणता. डिसेंबरात मुंबईत सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो. जहाज पाचच्या सुमारास सुटलं, तर तिथे पोचेपर्यंत अंधारच. दीपस्तंभाचा झोत दिसेल, तटबंदी नाही. १६७९ मध्ये महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून उभारलेला किल्ला आणि तो आपण काळोखात ओलांडायचा?

माहीमची खाडी

म्हणूनच मी डिसेंबरची गर्दी टाळते. फेब्रुवारी संपता संपता सूर्यास्त पावणेसातच्या आसपास जातो, शाळा चालू असल्यामुळे जहाजावर माणसंही कमी. सुटण्याची वेळ चारची असेल तर उत्तमच. बुकिंग करताना तीही विचारून घ्या.

इंजिनरूम

फेब्रुवारी ठीक. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, बोट लागणाऱ्यांनी तेव्हा जाऊ नये. पावसाळ्यात तर या किनाऱ्यावर एम्प्रेस नसतंच, पूर्वेला चेन्नईकडे जातं. भाऊ, दुर्बीण घेऊन एकदा चला फेब्रुवारीत. डावीकडच्या डेकवर जागा धरू.

भाऊचा धक्का

खांदेरीपुरता येईन. विजयदुर्ग दिवसा दाखवणारी बोट सुरू होईपर्यंत बाकीचं मत तेच.