कोल्हापुरात छोट्या रोबो-फायटिंगचं मैदान भरवायचंय, अरिना आणि प्रसिद्धी कशी करावी?

उद्यमनगरी
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरातली पाच-सहा जणं आहोत, दोघं उद्यमनगरात सीएनसीवर कामाला, एक सर शाळेत सायन्स शिकवतात, बाकीचे डिप्लोमा करतायत. सगळ्यांना फायटिंग बॉट बनवायचं लई वेड हाय पण खेळायचं म्हणलं की पुणे-मुंबई गाठायला लागतं. डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला 60 किलोची रोबोवॉर असते ती बघून अंगावर काटा येतो, पण तेवढा बॉट बांधायचा खर्च आमच्याकडच्या पोरांना झेपणारा नाही, म्हणून ठरवलंय की इथंच सुरुवात करायची आणि ती लहान वजनात करायची. 1.5 किलोची बीटलवेट एक कॅटेगरी आणि शाळेच्या पोरांसाठी 454 ग्रॅमची, बॉडी आणि हत्यार दोन्ही थ्रीडी प्रिंटेड प्लास्टिकची.

हॉल मिळतोय, तीनशे माणूस बसंल एवढा. आता अडचण अशी की अरिना (बॉट ज्यात लढतात तो बंद पिंजरा) कशाचा आणि केवढा करायचा, एका दिवसात किती बॉट घ्यायचे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोकं बघायला आणायची कशी, कारण रोबोट म्हणलं की निम्म्यांना वाटतं शाळेचं प्रदर्शन हाय आणि उरलेल्यांना वाटतं पोराचा हात जाईल. ज्यांनी असा इव्हेंट भरवलाय किंवा त्यात खेळलेत त्यांनी जरा सविस्तर सांगा.

पुणेरी_सोल्डर
मस्त बेत आहे, नक्की करा. पण अरिना पहिला, बाकी सगळं नंतर. पोस्टर छापायच्या आधी पिंजरा उभा राहिलेला असला पाहिजे.

तुम्हाला एक हिशोब देतो म्हणजे पालकांना आणि हॉलवाल्यांना समजावताना उपयोगी पडेल. समजा दीड किलोच्या बॉटवर 15 सेंमी लांबीची 300 ग्रॅमची स्टीलची फिरती बार हत्यार म्हणून आहे आणि ती मिनिटाला 10,000 फेरे घेते, यात कुणी फार मोठा तीर मारलाय असं नाही, ड्रोनच्या ब्रशलेस मोटरवर हे सहज होतं. बारच्या टोकाचा वेग होतो ताशी साधारण 280 किमी आणि तिच्यात साठलेली ऊर्जा 300 ज्यूलच्या आसपास. ताशी 140 ने टाकलेल्या क्रिकेटच्या बॉलमध्ये साधारण 120 ज्यूल असतात. म्हणजे ती अख्खी बार सुटून उडाली तर अडीच फास्ट बॉल एका धारदार टोकावर येणार. म्हणून भिंती सॉलिड पॉलीकार्बोनेटच्याच, ॲक्रिलिक अजिबात नको, ते फुटून त्याचेच सुरे होतात. शेडवर टाकतात ती आतून पोकळ असलेली मल्टीवॉल शीट पण पॉलीकार्बोनेट म्हणूनच विकतात, स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नका. आणि वरून छत पाहिजेच, व्हर्टिकल स्पिनरने (ज्याचं हत्यार उभं फिरतं असा बॉट) उडवलेली वस्तू सरळ वर जाते.

8 बाय 8 फुटांचा अरिना आणि 4 फूट उंच भिंती धरल्या तर 8 बाय 4 च्या चार शीट भिंतींना, दोन छताला. आमच्या ग्रुपमध्ये बीटलसाठी 6 मिमी वापरतात आणि भिंती डबल करतात, मध्ये थोडी फट ठेवून, म्हणजे दहा शीट. प्रेक्षकांच्या खुर्च्या तरीही अंतर सोडूनच ठेवा.

सेफ्टी चेकला सूट कुणालाच नाही, मग तो स्वतः आयोजकाचा बॉट का असेना. रिमोट बंद केला की चाकं आणि हत्यार दोन्ही थांबलंच पाहिजे, तो फेलसेफ प्रत्येक बॉटचा समोर उभं राहून बघा. हत्याराला लॉक लावल्याशिवाय बॉट पिटमध्ये (दुरुस्तीच्या जागेत) टेबलावर दिसता कामा नये. पॉवर लिंक (बॅटरी जोडणारा तुकडा) बॉट पिंजऱ्यात ठेवल्यावरच लावायची, दार लागेपर्यंत ड्रायव्हरने रिमोटला हात लावायचा नाही. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या चार्जिंगला वेगळं टेबल आणि तिथं पूर्ण दिवस एक जबाबदार माणूस, 1सी (तासाभरात पॅक भरेल एवढा करंट) पेक्षा जास्त करंटने चार्जिंग नको, फुगलेली बॅटरी दिसली की थेट बाहेर वाळूच्या बादलीत. पॅक पेटला तर तो धूर छातीत जाणं वाईट, त्यामुळे हॉलला एक्झॉस्ट आहे का, नसेल तर दारं कुठल्या बाजूला उघडतात हे आत्ताच बघून ठेवा.

फिटर_शिरोली
वरच्या दादांनी शीटचं बरोबर सांगितलं, त्यात फॅब्रिकेशनचं थोडं घालतो. फ्रेम एमएस (माइल्ड स्टील) स्क्वेअर पाइपची करा पण वेल्डिंग करून एकसंध करू नका, नटबोल्टवर सुटी होणारी करा, नाहीतर ती टेम्पोत पण जात नाही आणि वर्षभर ठेवायला जागा पण मिळत नाही. पॉलीकार्बोनेटला भोक बोल्टपेक्षा मोठं मारायचं, खाली रुंद वॉशर, आणि आवळताना जीव खाऊन आवळायचं नाही, भोकापासनं चीर सुरू होते. पुसायला थिनर, ॲसिटोन कायबी लावू नका, शीटला जाळ्या पडतात आणि ती कमजोर होते, साबणाचं पाणी बास.

फ्लोअरला 18 मिमी प्लाय आणि त्यावर 3 मिमी एमएस शीट. नुसती प्लाय ठेवली तर दोन-चार फाइटमध्ये खड्डे पडतात आणि मग वेजवाले (पुढं उतरती पट्टी असलेले) बॉट अडकत बसतात, प्रत्येक मॅचनंतर वाद. शीटचे जोड ग्राइंड करून सपाट करा, त्यात आळस नको. लेझर कटिंगवाल्यांकडं तुकडा माल पडलेला असतो, उद्यमनगरात ओळख असंल तर अर्धं काम तिथंच होतंय.

उद्यमनगरी
दोघांचे आभार, हे सगळं आजच ग्रुपवर टाकलं. सुटी फ्रेम डोक्यातच नव्हती. लेझरवाले एक काका तयार हायत, पैसे घेणार नाहीत, फक्त नाव लावा म्हणतात. ते नाव कुठं लावायचं? आणि प्रसिद्धीचं कुणीतरी बोला की.

सांगलीचा_निवेदक
मी कुस्ती मैदानात निवेदन करतो, रोबोटमधलं मला फार कळत नाही पण भाचा हे बनवतो म्हणून इथं असतो. प्रसिद्धीबद्दल बोलतो.

भावा तू कोल्हापूरचा, खासबाग कुस्ती मैदानाच्या गावचा, तुला पोस्टर कसं करायचं हे बाहेरच्यानं सांगायची गरज नाही. कुस्त्यांच्या जंगी मैदानाचं हँडबिल डोळ्यासमोर आण. त्यात "कुस्ती हा उत्तम खेळ आहे, या" असं कुठं लिहिलेलं असतं का? त्यात जोडी असते. एका बाजूला पैलवान, त्याची तालीम, त्याचं गाव, मध्ये विरुद्ध, दुसऱ्या बाजूला दुसरा, खाली इनाम. माणूस ती जोड वाचून चार तास प्रवास करून येतो. आणि तुम्ही लोकं पोस्टरवर काय टाकता तर इंटरनेटवरचा कुठलातरी परदेशी रोबोट, ठिणग्या, आणि खाली क्यूआर कोड. त्यात बघणाऱ्याचं कोण हाय? कागलच्या पोराचा बॉट इचलकरंजीच्या पोराच्या बॉटशी लढणार हे कळू दे, मग कागल आणि इचलकरंजी दोन्हीकडनं माणूस येतो. बॉटचा फोटो, बनवणाऱ्याचा फोटो, गाव, कॉलेज किंवा वर्कशॉप, हत्यार काय, एवढं रोज एक जोड असं पंधरा दिवस टाकत रहा. व्हॉट्सॲपवर ते आपोआप फिरतंय कारण ज्याचा फोटो हाय त्याची आत्या, मावशी, मामा सगळे पुढं पाठवतात.

दुसरं, निवेदक मराठी बोलणारा आणि आधी तयारी केलेला घ्या. प्रत्येक बॉटबद्दल त्याला दोन गोष्टी माहीत पाहिजेत. दोन फाइटच्या मधला वेळ मैदान मारतो. हलगी लावा, बॉट आत येताना वाजली पाहिजे, पण फाइट सुरू झाली की बंद, मशीनचा आवाज लोकांना ऐकू दे. स्पीकरची पोलीस परवानगी आधी काढा. वर्तमानपत्रांना प्रेसनोट मराठीत, छोटी, फोटोसकट, आठवडाभर आधी.

पुणेरी_सोल्डर
निवेदक दादा, जोडीची कल्पना एकदम पटली, फक्त यात एक गोम आहे. बॉट सेफ्टी चेकला पडतात, आदल्या रात्री स्पीड कंट्रोलर जळतो, दहा-वीस टक्के एंट्र्या येतच नाहीत असं धरून चाला. सगळा ड्रॉ पंधरा दिवस आधी छापला तर सकाळी बऱ्याच जोड्या मोडलेल्या असतील आणि लोकांना फसवल्यासारखं वाटेल.

सांगलीचा_निवेदक
मग सगळ्या छापू नका. चार-पाच मानाच्या लढती ड्रॉच्या बाहेर ठेवा, ज्यांचे बॉट तयार हायत आणि तुम्ही चालताना बघितलेत अशांच्याच. त्या दुपारनंतर एकेक सोडायच्या. बाकी ड्रॉ सकाळी वजन झाल्यावर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून काढा. कुस्तीत पण लहान जोड्या मैदानातच लागतात, हँडबिलवर वरच्या नंबरच्याच असतात.

पुणेरी_सोल्डर
हे झकास. मग वेळेचं गणित असं. 16 बॉट डबल एलिमिनेशनला (दोनदा हरला की बाद) 30 किंवा 31 मॅच होतात. मॅच तीन मिनिटांची असली तरी आत ठेवणं, जजचा निकाल, तुकडे गोळा करणं धरून दहा मिनिटं एका मॅचला जातात, म्हणजे पाच-सव्वापाच तास नुसती बीटल. त्यात एका बॉटला दोन मॅचमध्ये किमान 20 मिनिटं दुरुस्ती आणि चार्जिंगला द्यायलाच पाहिजेत. म्हणून पहिल्या वर्षी बीटल 16 वर थांबा आणि शाळेची कॅटेगरी आठ बॉट, सिंगल एलिमिनेशन, सात मॅच, त्या बीटलच्या मध्येमध्ये घाला. मानाच्या लढती, वजन, ड्रॉ आणि जेवणाची सुट्टी धरून सकाळी नऊला सुरू केलं तरी संध्याकाळचे सात वाजतील. बीटलला डबल एवढ्यासाठी की हरलेला बॉट एकदा तरी परत खेळला पाहिजे, महिनाभर राबून तीस सेकंदात घरी गेलेलं पोर पुढच्या वर्षी येत नाही.

जज तीन, आणि डॅमेज, ॲग्रेशन, कंट्रोल या तीन गोष्टींना किती मार्क हे आधीच लिहून लावा. बॉट हलायचा थांबला की दहा आकडे मोजायचे, ते हॉललाच मोजायला लावा, लोकांना लई आवडतं.

नॉरवॉकची_वारी
मी न्यू जर्सीत असते, इथून जमेल तेव्हा कनेक्टिकटमधल्या नॉरवॉकला एनएचआरएल ही रोबो-फायटिंगची स्पर्धा बघायला मुलांना घेऊन जाते. तिथं 3, 12 आणि 30 पौंड अशा कॅटेगरी असतात, म्हणजे सगळ्यात लहान साधारण 1.36 किलो, तुमच्या बीटलच्या जवळपास. सगळं यूट्यूबवर फुकट लाइव्ह असतं, टीमने बसून बघा, विशेषतः दोन फाइटच्या मध्ये ते काय करतात ते. कॅमेरा पिटमध्ये जातो, मोडलेला बॉट उघडून बसलेल्या माणसाशी बोलतात, काय तुटलं, आता काय करणार. माझ्या मुलीला फाइटपेक्षा तेच जास्त आवडतं आणि त्यातूनच तिने सोल्डरिंग शिकायला घेतलं. पिटची एक बाजू प्रेक्षकांना दिसेल अशी ठेवता आली तर बघा, दोरी बांधून, चार्जिंगचं टेबल मात्र लांब.

आणि एक, 8 फुटांचा पिंजरा जमिनीवर ठेवला तर पहिल्या दोन रांगा सोडून कुणाला काही दिसणार नाही. तो अडीच-तीन फूट उचला आणि छतावरून एक कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर द्या. लाइव्ह करणार असाल तर हॉलचं वायफाय वापरू नका, केबल टाका. रिमोट पण 2.4 गिगाहर्ट्झवर आणि वायफाय पण तिथेच, तीनशे मोबाइल आत आले की गर्दी होते.

प्रायोजकाचं नाव पिंजऱ्याच्या खालच्या पट्टीवर लावा. शीटवर कुठेही स्टिकर नको, नजर अडते. आणि काकांना नुसतं नाव नको, एखाद्या लढतीचं बक्षीस त्यांच्या हातून द्या.

फिटर_शिरोली
तारखेचं कुणी बोललं नाही. डिसेंबर टेकफेस्टचा, त्यात कॉलेजच्या परीक्षा. फेब्रुवारीत बारावी, दहावी सुरू. जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा. आणि शाळेची आठ पोरं आपोआप येणार नाहीत, त्यांच्यासाठी दोन महिने आधीपासनं रविवारी वर्कशॉप घ्या, एन20 (छोटी गिअरवाली) मोटर, लहान रिसीव्हर, प्रिंटेड बॉडी. सामान एकदम घेतलं तर स्वस्त पडतंय. दोन रविवार मी येतो, ड्रिल आणि व्हाइस घेऊन.

उद्यमनगरी
ठरलं. जानेवारीचा शेवटचा रविवार हॉलवाल्यांना सांगितला. त्यांना तो ज्यूलचा हिशोब आणि डबल भिंतीचं ड्रॉइंग दाखवलं, इन्शुरन्स काढला तर हरकत नाही म्हणाले, म्हणून पब्लिक लायबिलिटीची चौकशी चालू केलीय, आणि 18 खालच्या सगळ्या पोरांसाठी पालकांच्या सहीचा फॉर्म सर तयार करतायत. प्रवेश फुकट पण पासवर, तीनशेच्या वर एक नाही.

फिटर दादा, शिरोलीहून सामान आणायला आमची गाडी येईल, तुम्ही फक्त वेळ सांगा. निवेदक मामा, मैदानाला माईक तुमच्याच हातात पाहिजे, भाच्याचा बॉट पण घेऊन या, त्याच्यासमोर जोड आम्ही शोधतो. अजून मानाच्या तीन लढती रिकाम्या हायत, सांगली, सातारा, बेळगाव, कोकण, कुठनंबी कुणाकडं चालणारा 1.5 किलोचा बॉट असंल तर हत्याराचा प्रकार आणि बॉट चालतानाचा व्हिडिओ इथंच टाका.