दयाळासाठी घरटं कुठं टांगू?

जुळे सोलापुरात घर आहे, मागं कडुलिंब आणि शेवगा. पहाटे टाकीवर दयाळ इतकं सुरेल गातो की चहा विसरते मी! लाकडी पेटी टांगायची आहे, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. पिल्लं भाजणार नाहीत ना?

माळरान: ताई, पश्चिमेकडं तोंड अजिबात नको. कडुलिंबाच्या सावलीत, पूर्वेकडं तोंड करून, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर बांधा. पत्रा, प्लास्टिक नको; जाड लाकूडच. वर हवेला फटी, तळाला छोटी भोकं. दारासमोर बसायला दांडी लावू नका, कावळ्याला आयतीच सोय होते. चिमणीला सव्वा इंचाचं भोक पुरतं, दयाळाला दोन इंचांचं तरी हवं.

होटगी रोडवाला: दयाळ किडे खातो, म्हणून शेवग्यावर औषध फवारू नका. अळ्या राहू द्या! हे पेटीपेक्षा महत्त्वाचं. उथळ परळात पाणीही ठेवा.

माळरान: आणि अंडी मादी एकटीच उबवते. तेव्हा झाकण उघडून बघू नका, घाबरून घरटं सोडेल. खिडकीतून बघा. नर काळा-पांढरा, मादी राखाडी-पांढरी, लगेच ओळखाल.

प्रश्नकर्ती: दादा, सुताराला आजच सांगते. फवारणी बंद!