कॉफीचा कप आणि स्नायूंतलं कॅल्शियम: जरा हिशेब करा!

स्पष्टवक्ता_पुणे
काल इथं ‘व्यायामाआधी काळी कॉफी’ हा लेख आला. त्यात म्हणे कॅफिन स्नायूपेशीत शिरून रायनोडिन रिसेप्टर (पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याचं दार) उघडतं, स्नायू आखडायला लागणारं कॅल्शियम भसाभसा सुटतं आणि ताकद वाढते. खाली वाहवांचा पाऊस. गप्प बसणार होतो, बसवलं नाही.

बेडकाचा स्नायू कॅफिनमध्ये बुडवला की आखडतो, हे खरं. पण तिथं कॅफिन लिटरमागे मिलिमोलमध्ये (एक मिलिमोल म्हणजे हजार मायक्रोमोल) लागतं. कपात 100 मिलिग्रॅम, अंगात पाणी 40 लिटर, रेणुभार 194. करा भागाकार: जेमतेम 13 मायक्रोमोल. पाच मिलिमोल गाठायच्या कितीतरी आधी माणूस दगावेल. तरतरी येते ती मेंदूतले थकवा-झोप जाणवून देणारे अ‍ॅडेनोसिन रिसेप्टर अडवल्यामुळे.

डंबेलदादा
तुमचा कॅलक्युलेटर तुमच्यापाशी. कॉफीविना मी 80 किलोला अडकतो, कॉफी घेतली की 85 उचलतो. आणि उंदराच्या सुट्या स्नायूत 70 मायक्रोमोललाही थोडी ताकद वाढलेली दिसलीय. ते सोयीस्कर विसरलात?

स्पष्टवक्ता_पुणे
थोडी! 70 म्हणजे पाच-सहा कप एका दमात. प्या आणि मग बारबेल धरा, हात थरथरले नाहीत तर कळवा.

तूरवाला
रायनोडिन म्हटलं म्हणून बोलतो. तुरीवरच्या अळीला क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल हे कीटकनाशक मारतो, ते अळीच्या याच दारावर चालतं ना? दुकानदार म्हणाला, झाडापासूनचं आहे, निर्धोक आहे. एकरी 60 मिली मारलं. तीन फवारण्या झाल्या, अळी शेंगेत मजेत.

कृषीकन्या_अकोला
झाडापासूनचं रायनोडिन. रायानिया नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या झाडाचं. पूर्वी त्याची पूड कीटकनाशक म्हणून विकायचे. तुमचं औषध कारखान्यातलं. दार तेच, कडी वेगळी. त्यानं अळीच्या स्नायूतलं कॅल्शियम गळत राहतं, ती खाणं सोडते, लुळी पडते. तिन्ही वेळा तेच मारलंत?

तूरवाला
नाही ताई, मधे फ्लुबेंडिअमाइड मारलं. बदल म्हणून.

कृषीकन्या_अकोला
कसला बदल? दोन्ही एकाच गटातली, म्हणजे अळीवर एकाच रीतीनं चालणारी! बाटलीवर गट 28 छापलेला असतो, कुणी वाचत नाही. मग अळी सरावते आणि शिव्या औषधाला.

तूरवाला
शिव्या आम्ही देत नाही, उधारी फेडतो. गट इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. तुम्ही या एकदा बांधावर.

डंबेलदादा
हा कॉफीचा धागा आहे की कृषी सेवा केंद्र?

डोंबिवलीकर_काकू
‘झाडाचं म्हणजे निर्धोक’वाल्यांनी कण्हेर चाखून बघावी. (नका बघू!) ती कॅल्शियमच्या दाराला हातही लावत नाही, सोडियमचा पंप बंद पाडते, हृदयाच्या पेशीत कॅल्शियम आपोआप साचतं. आमचे हे न्यू जर्सीला लेकीकडे ग्रेपफ्रूटचा रस प्यायले. रक्तदाबाची गोळी फेलोडिपिन, म्हणजे कॅल्शियमचं दार (रायनोडिनवालं नव्हे, वेगळं) अडवणारी. रसानं आतड्यातलं गोळी मोडणारं एन्झाइम बंद, गोळी रक्तात दुप्पट-तिप्पट, आणि हे बाथरूमच्या दारात चक्कर येऊन खाली. फळच होतं हो ते.

स्पष्टवक्ता_पुणे
काकू, हेच तर म्हणतोय! मात्रा बघा. बाकी दादा, 70 चं मान्य. उंदरांपुरतं.

डंबेलदादा
उपकार झाले. उद्या 85 उचलताना मेंदूला तुमचा नमस्कार सांगतो.

तूरवाला
ताई, भांडण मिटलं असेल तर सांगा, चौथी फवारणी कशाची?

कृषीकन्या_अकोला
अळी केवढी झालीय, ते आधी सांगा.