मदत हवी आहे: मन खट्टू असताना खाल्ल्यानं खरंच बरं वाटतं का?

हिंजवडीहून कोथरूडला पोहोचेपर्यंत साडेसात होतात. दिवस वाईट गेला असेल तर चांदणी चौकातच बाकरवडी आठवायला लागते आणि घरी आल्यावर पाव किलोचं पाकीट उभ्याउभ्या संपतं. पंधरा मिनिटं छान वाटतं, मग पुन्हा तेच.

मिनेसोटा विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासाबद्दल वाचलं. लोकांना उदास करणारी दृश्यं दाखवून काहींना आवडीचा खाऊ दिला, काहींना दुसरं काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळानं सगळ्यांचा मूड साधारण सारखाच सावरला. म्हणजे श्रेय वेळेचं, खाण्याचं नाही? तसं असेल तर मला ती वेळ काढायला शिकायचंय.

घरात फरसाण ठेवणं बंद केलं, पण इमारतीखालीच दुकान आहे. फुटाणे आणले, तेही मूठमूठ संपले. निघण्याआधी ऑफिसात पोटभर खाऊन पाहिलं, म्हणजे ही भूक नाही हे नक्की. थायरॉईड, साखर, बी-१२ तपासून झालंय, सगळं ठीक. एकटी राहते, डबा नऊला येतो, अंधारात टेकडीवर जाता येत नाही.

ही सवय ज्यांची सुटली, त्यांनी घरी आल्यावरची पहिली वीस मिनिटं न खाता नेमकी कशी काढली?