मदत हवी आहे: इंडेक्समध्ये डिसेंडिंग (उतरता क्रम) लिहून खरंच फरक पडतो का?

मंडळी, मायएसक्यूएल 5.7 या डेटाबेसवर तक्रारींचं एक टेबल आहे. यादी प्राधान्यानुसार चढत्या आणि नोंदवेळेनुसार उतरत्या क्रमाने हवी, वरच्या फक्त 50 ओळी. इंडेक्स, म्हणजे ओळी झटपट शोधायला क्रमाने लावलेली सूची, (प्राधान्य, नोंदवेळ) असा आहे, तरी एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) 'यूजिंग फाइलसॉर्ट' येतं, म्हणजे ओळी वेगळ्या सॉर्ट कराव्या लागतात. गंमत म्हणजे दोन्ही कॉलम उतरत्या क्रमाने मागितले की फाइलसॉर्ट गायब! मग नोंदवेळ डिसेंडिंग ठेवून नवा इंडेक्स केला. तो विनातक्रार तयार झाला, पण फाइलसॉर्ट तसाच. कुठे अडतंय?

प्रतिसाद 1:
इंडेक्स दोन्ही टोकांकडून वाचता येतो. त्यामुळे एकाच कॉलमच्या इंडेक्सला दिशा दिली काय, न दिली काय, बहुधा सारखंच. दोन्ही उतरते मागितलेत तेव्हा तो मागून पुढे वाचला गेला. तुमच्या यादीत मात्र दिशा मिश्र आहेत. पुढून वाचलं तर प्राधान्य 1 च्या गटात सर्वात जुनी नोंद आधी येते, तुम्हाला हवी सर्वात नवी. कुठल्याही टोकाने सुरुवात करा, हा क्रम सलग मिळत नाही. (चढता, उतरता) किंवा त्याच्या बरोबर उलट (उतरता, चढता), यांपैकी कुठलाही एक इंडेक्स पुरेल. दोन्ही करू नका, इन्सर्टचा (नवी ओळ टाकण्याचा) खर्च फुकट वाढेल.

प्रतिसाद 2:
वरचं बरोबर, पण 5.7 वर उपयोग शून्य. तिथे इंडेक्समधलं डिसेंडिंग वाचून चक्क सोडून देतात, इंडेक्स चढताच बनतो. साधी वॉर्निंग दिली असती तर काय बिघडलं असतं! खरे उतरते इंडेक्स 8.0 पासून आले, तेही इनोडीबी या स्टोरेज इंजिनपुरते (टेबलाचा डेटा साठवणारा भाग). उलटं वाचन झालं तर 8.0 चं एक्सप्लेन 'बॅकवर्ड इंडेक्स स्कॅन' असं स्पष्ट सांगतं.

धागाकर्ता:
अपग्रेड सध्या माझ्या हातात नाही. मधला काही मार्ग?

प्रतिसाद 1:
प्राधान्याच्या किंमती मोजक्याच असतील तर एकेक घ्या. आधी 'प्राधान्य = 1', नोंदवेळ उतरती, लिमिट 50. कमी पडल्या तर उरलेल्या ओळी 2 मधून. पहिला कॉलम बरोबरच्या चिन्हाने बांधला की दिशेचा प्रश्न फक्त नोंदवेळेचा उरतो आणि आहे तोच इंडेक्स मागून वाचला जातो.

प्रतिसाद 3:
पुढेमागे पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तर नलकडे (किंमत नसलेल्या रकान्यांकडे) लक्ष ठेवा. मायएसक्यूएलमध्ये चढत्या क्रमात नल आधी येतात, पोस्टग्रेसमध्ये शेवटी. तिथे 'डिसेंडिंग, नल्स लास्ट' मागितलंत तर एका कॉलमचा साधा इंडेक्सही क्रमासाठी चालत नाही, तो तसाच किंवा त्याच्या बरोबर उलट (चढता, नल्स फर्स्ट) घोषित करावा लागतो.

धागाकर्ता:
प्राधान्याच्या किंमती चारच आहेत. एकेक घेऊन पाहिलं, फाइलसॉर्ट गेला. नोंदवेळ नॉट नल आहे, तेवढं बरं. आभार!